वसुबारसेची पर्स

बाबा फ्रान्सहून परत आले ते नेमके वसुबारसेच्या दिवशी. एक दिवस आधी आले असते किंवा एक दिवस उशिरा, तर आमच्या घरात जे झालं ते झालंच नसतं, असं मी पुष्कळ वर्षं म्हणत असे. बाबांना मुहूर्त साधायची हौस अजिबात नव्हती, आणि हा मात्र त्यांनी अगदी बरोब्बर साधला.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. बाबा एका सरकारी कारखान्यात इंजिनिअर होते आणि आम्ही बेंगळुरूच्या पूर्वेच्या टोकाला, के. आर. पुरमच्या थोडं अलीकडे, कारखान्याच्या कॉलनीत राहायचो. महाराष्ट्रातून आलेली आमच्यासारखी बरीच घरं तिथे होती. पुरुष दिवसभर ऑफिसात हिंदी-इंग्रजी बोलत आणि संध्याकाळी घरी येऊन मराठीत कुरकुरत. बायकांनी मात्र येताना अख्खं पंचांग उचलून आणलं होतं आणि त्यातला एकही दिवस त्या सोडत नव्हत्या.

आईचं तर विचारूच नका. इतर बायका उपास करायच्या, आई उपास पाळायची. त्यात वसुबारस तिची सगळ्यांत लाडकी, कारण तो उपास लेकरांसाठी आणि तिचं लेकरू मी एकटी. त्या दिवशी गहू नाही, मूग नाही, दूध-दही-तूप तर नाहीच, कारण ते वासराच्या वाटणीचं. चहासुद्धा कोरा. संध्याकाळी गायीची पूजा, तीही वासरासकट, आणि मग बाजरीची भाकरी आणि गवारीची भाजी. गवारीला 'गोरीकाई' म्हणायला आई भाजीवालीकडून शिकली होती, पण बाजरीचं कन्नड नाव माहीत असूनही उपयोग नसायचा, कारण ती आमच्या बाजूला मिळायचीच नाही. ती आणायला आई बस बदलत थेट शहरातल्या चिकपेट बाजारात जायची. वर्षातून एका भाकरीसाठी एवढी यातायात कशाला, असं मी विचारलं की म्हणायची, "तुझ्यासाठीच चाललंय सगळं. तू गप्प बस."

बाबांना यातलं काहीही ठाऊक नव्हतं. म्हणजे विरोध वगैरे नव्हता. ताटात भाकरी आली की भाकरी खात, पुरणपोळी आली की पुरणपोळी. लग्नाला वीस वर्षं होत आली होती आणि तेवढ्या वर्षांत त्यांनी आईसाठी आपण होऊन एक वस्तू आणल्याचं मला आठवत नाही. साड्या आईच घ्यायची. बाबा दुकानाबाहेर पेपर वाचत उभे राहायचे आणि आई बाहेर आली की विचारायचे, "झालं?" एवढाच त्यांचा साडीशी संबंध.

तर असे बाबा कारखान्याच्या कामासाठी काही महिने फ्रान्सला गेले होते. त्या दिवशी सकाळी टॅक्सी दारात थांबली तेव्हा आईची नुकतीच अंघोळ झाली होती आणि तिनं उंबऱ्याशी गायीच्या पावलांची रांगोळी काढली होती. बाबांनी बॅग नेमकी त्या पावलांवर ठेवली. आईनं एकदा रांगोळीकडे बघितलं, एकदा बाबांकडे, आणि हसली. इतक्या महिन्यांनी नवरा घरी आला होता. रांगोळी काय, पुन्हा काढता येते.

बॅग उघडली. हॉटेलातल्या साबणाच्या वड्या, चॉकलेटं, माझ्यासाठी अत्तराची इवलीशी बाटली. आणि सगळ्यांत खाली, बाबांच्या स्वेटरांमध्ये गुंडाळलेला एक खोका. त्यात पांढऱ्या मऊ कापडाची नाडीची पिशवी.

"अय्या, किती छान कापड आहे," आई म्हणाली. "देवाची वस्त्रं ठेवायला होईल."

"ती पिशवी नुसती धूळ बसू नये म्हणून आहे," बाबा म्हणाले. "आत बघ."

आत पर्स होती. मधाच्या रंगाची, ना मोठी ना लहान, वर झाकणासारखा पल्ला आणि त्याला पितळेचं छोटंसं कुलूप. कंपनीचं नाव शोधायला गेलं तर आतल्या बाजूला अगदी बारीक अक्षरांत छापलेलं. ज्यांना ओळखता येईल त्यांनीच ओळखावं, बाकीच्यांना सांगायची आम्हाला गरज नाही, असा तिचा एकंदर तोरा होता.

आईनं आधी पदराला हात पुसले. मग बोटाच्या टोकानं पर्सला हात लावला, मग अख्खा तळवा ठेवला. मग नाकाशी नेली. घरात तेव्हा तिची जी पर्स होती ती काळ्या रेक्झिनची होती, चेन तुटलेली, तोंड सेफ्टी पिनेनं मिटवलेली. तिच्यातून खोबरेल तेलाचा आणि बसच्या तिकिटांचा वास यायचा. आईनं नवी पर्स खांद्याला लावली आणि कपाटाच्या आरशासमोर जाऊन उभी राहिली, आणि मी चक्क हबकले. आईची मान वर झाली होती. रोजची सुती साडी, ओल्या केसांचा अंबाडा, उपासानं किंचित उतरलेला चेहरा, सगळं तेच. पण ही बाई आमच्या घरात राहते यावर माझा विश्वास बसेना. एक पर्स माणसाचं इतकं काही करू शकते हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं.

बाबा तर खुलले होते. आयुष्यात पहिल्यांदाच ते साडीच्या दुकानाच्या आत आल्यासारखे बोलत होते. "ही शिलाई बघ. सगळी हातानं घातलेली. एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया, एक इकडून, एक तिकडून. एक टाका तुटला तरी पुढचे उसवत नाहीत. आणि ही कड बघ, रंग देऊन घासायची, पुन्हा रंग, पुन्हा घासायची. आमच्या कारखान्यात इतकं फिनिशिंग जमलं ना, तर..." मग ते थोडे लाजले. "दुकानात शिरायचीच हिंमत होत नव्हती. दारातला माणूस माझ्यापेक्षा भारी सुटात. कितीतरी दिवस काचेतून बघून परत यायचो. ही बघितली तेव्हाच म्हटलं होतं, घ्यायची तर हीच."

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. खोटं नाही सांगत, आलं. ती पर्सवरून हात फिरवत म्हणाली, "अहो, पण किती मऊ आहे हो ही. लोण्यासारखी. कसलं चामडं असतं असलं?"

"वासराचं," बाबा अभिमानानं म्हणाले. "तेही साधंसुधं नाही. अगदी कोवळं. नुसत्या दुधावर वाढवलेलं असतं. गवताला तोंडसुद्धा लावू देत नाहीत, म्हणून तर इतकं..."

पर्स खाली पडली. टाकली म्हणणं बरोबर होणार नाही. आईच्या खांद्यातलं बळच गेलं आणि ती ओघळली. गादीवर पडली म्हणून वाचली.

"आज कुठला दिवस आहे?" आईनं विचारलं.

बाबांनी विचार केला. विमानांत आणि विमानतळांवर दोन रात्री गेलेल्या माणसाचा गोंधळ होणारच. "शुक्रवार," ते म्हणाले. आणि आईचा चेहरा बघून, "नाही का? शनिवार?"

आई सरळ न्हाणीघरात गेली आणि आम्हाला पाणी ओतल्याचा आवाज येत राहिला. बंब केव्हाच विझला होता. ऑक्टोबरातल्या सकाळी बेंगळुरूचं नळाचं पाणी कसं असतं हे ज्यानं अंगावर घेतलंय त्यालाच माहीत.

मी बाबांना हळूच सांगितलं, आज वसुबारस आहे. त्यांनी विचारलं, "म्हणजे?" मी सांगितलं, आज गाय-वासराची पूजा असते, आई वासराचं म्हणून दूधसुद्धा घेत नाही. बाबांनी विचारलं, "कधीपासून?" मी म्हटलं, "मी जन्मल्यापासून." त्यावर बाबा ज्या नजरेनं माझ्याकडे बघत राहिले ती मी विसरलेले नाही. माणूस आपल्याच घराचा पत्ता विसरला तर कसा बघेल, तसे.

पण चूक लगेच कबूल करतील तर ते इंजिनिअर कसले. आई बाहेर आल्यावर ते म्हणाले, "हे बघ, मला माहीत नव्हतं. पण जरा विचार कर. तुझ्या चपला कशाच्या आहेत?"

"चपला मी पायांत घालते, खांद्यावर मिरवत नाही," आई म्हणाली. तिचे दात वाजत होते. "आणि चपला देताना दुकानदार मला वासराचं वय सांगत नाही."

बाबा गादीवरची पर्स उचलत म्हणाले, "तुझ्यासाठी आणली होती." आई म्हणाली, "वन्संना पाठवून द्या पुण्याला. त्या काही पाळत नाहीत." मी मध्ये तोंड घातलं. आत्याला कशाला, मला द्या ना, असं म्हणाले. आई अशी काही वळली की मी भिंतीला टेकले. "तुझ्या आयुष्यासाठी मी उपाशी राहते, आणि तू वासराचं कातडं लावून कॉलेजला जाणार?"

बाबांनी पर्स पांढऱ्या पिशवीत घातली, पिशवी खोक्यात, आणि सुतळी शोधू लागले. वीस वर्षांत पहिल्यांदा एका माणसानं बायकोसाठी काहीतरी आणलं होतं आणि ते दुपारच्या आत पुण्याला निघालं होतं. मला दोघांचाही संताप येत होता. त्यांचा, न विचारता आणल्याबद्दल; तिचा, एवढं आवडून परत केल्याबद्दल. आवडलं होतं हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं की.

दुपारी अक्का आल्या. अक्का म्हणजे शेजारच्या ब्लॉकमधल्या. त्याही मराठीच, पण त्यांचे पूर्वज शेकडो वर्षांपूर्वी मराठी फौजेबरोबर इकडे आलेले, त्यामुळे त्यांची मराठी अर्धी कन्नड घालून शिजवलेली असायची. संध्याकाळच्या पूजेसाठी गाय ठरवायचं काम दरवर्षी त्यांच्याकडे. एरवी त्या सगळ्यांना घेऊन एका मठाच्या गोशाळेत जायच्या, पण ती फार लांब पडते म्हणून यंदा त्यांनी मागच्या खेड्यातल्या एका गवळ्याला कॉलनीतच गाय घेऊन यायला सांगितलं होतं.

"पक्कं वासरू घेऊन ये म्हटलंय त्याला," त्या आल्या आल्या म्हणाल्या. "वासराबगैर गाय आणलीस तर परत पाठवणार म्हटलं. सरी अक्का, सरी अक्का, बरं बरं म्हणून गेलाय." मग त्यांचं लक्ष खोक्याकडे गेलं. बाबांना अजून सुतळी मिळाली नव्हती. "हे काय गं?"

आईनं सगळं सांगितलं. कोवळ्या वासराचं, दुधावर वाढवलेल्या, सगळं. अक्कांनी दोन्ही हात गालांवर ठेवले. "अय्यो! आजच्या दिवशी? अय्यो देवा!" त्यांनी डोळे मिटून घेतले. मग एक डोळा उघडला. "स्वल्प बघू दे की."

आणि बघता बघता ती पर्स अक्कांच्या खांद्याला. त्यांच्या पाठोपाठ पूजेची चौकशी करायला म्हणून आणखी दोघी आल्या, त्यांच्याही खांद्याला. प्रत्येकीनं आधी "शिव शिव" म्हटलं, मग कुलूप उघडून बघितलं, मग आरसा. कपाटासमोर रांग लागायची तेवढी बाकी होती. दिवसभर वासरासाठी कोरा चहा पिणाऱ्या बायका वासराच्या कातड्यावर गाल टेकवून वास घेत होत्या. मला हसावं की ओरडावं ते कळेना. एकीनं तर विचारलं, "पुण्याला कधी पाठवणार? डिसेंबरात माझ्या भाचीचं लग्न आहे." आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून हे बघत होती. इतरांच्या खांद्यावर ती पर्स बघून तिच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते पाप बघितल्यावर येतं तसं नव्हतं. कुणी आपल्या ताटातलं उचलून खाल्लं की येतं, तसं होतं.

बायकांना पर्सचं एवढं काय असतं, असं पुरुष विचारतात. आता तर एचएसआर लेआउटसारख्या नव्या वस्तीतल्या मुली असल्या पर्स बिनदिक्कत घेऊन हिंडतात, आणि त्यांनाही हेच विचारलं जातं. मला त्या दुपारी जे समजलं तेच अजून खरं वाटतं. आमच्या घरी आईचं असं कुलूप लागणारं काहीच नव्हतं. कपाट सगळ्यांचं, ट्रंक सगळ्यांची, डबे तर सगळ्यांचेच. पर्स तिची एकटीची. आणि त्यातून ही पर्स म्हणजे कुणीतरी कुठेतरी खाली मान घालून, घाई न करता, एकेक टाका घातलेली. आपल्यासाठी जगात कुणी एवढी मेहनत घेतली आहे, असं वाटण्याची चैन त्या बायकांना कोण देत होतं? त्या जन्मभर दुसऱ्यांसाठीच टाके घालत आल्या होत्या.

संध्याकाळी पाण्याच्या टाकीमागच्या मैदानात पूजा होती. आईनं दुसऱ्यांदा अंघोळ केल्यामुळे तिची सगळीच कामं मागे पडली होती. एरवी पूजेला पहिली उभी राहणारी माझी आई त्या दिवशी सगळ्यांत शेवटी पोचली, मी तिच्यामागे तांब्या घेऊन. दिवस मावळला होता, बारीक भुरभूर चालू होती आणि कॉलनीतले दिवे नेहमीप्रमाणे गेले होते. निरांजनांच्या उजेडात गाय तेवढी दिसत होती. शिंगांना रंग, गळ्यात झेंडूची माळ. तिच्या पुढ्यात वासरू बसलेलं. पाऊस लागू नये म्हणून गवळ्यानं त्याच्या अंगावर पोतं टाकलं होतं, नुसतं डोकं बाहेर. गाय मान वाकवून त्याला चाटत होती, एकसारखी.

"किती गुणाचं आहे वासरू," आधी पूजा झालेली एकजण म्हणाली. "जागचं हललंसुद्धा नाही."

आईनं गायीची पूजा केली. पायांवर पाणी, शिंगांना हळदकुंकू, फूल, नैवेद्याचा घास. मग ती वासराकडे वळली. बाकीच्या बायकांनी वासराच्या कपाळाला कुंकू लावून वरच्या वर पाणी शिंपडलं होतं, भुरभूर होती, चिखल होता, कोण खाली बसणार? पण मी म्हटलं ना, आई उपास पाळायची. ती चिखलात उकिडवी बसली, मला तांब्या पुढे धरायला सांगितला आणि वासराचे पाय धुवायचे म्हणून तिनं पोतं वर केलं.

पाय नव्हते.

पायांच्या जागी बांबूच्या काटक्या होत्या. पोट सुतळीनं शिवलेलं होतं, बोटभर लांबीचे वेडेवाकडे टाके, आणि दोन टाक्यांमधून पेंढा बाहेर आला होता. आईचा दुसरा हात त्याच्या कपाळावर होता. तो तिनं काढलाच नाही. मी तांब्याचं पाणी माझ्या पायांवर सांडून घेतलं होतं आणि मला ते कळलंही नव्हतं. सगळ्या बायकांनी ज्याला ओवाळलं, ज्याला माझ्या आयुष्यासाठी नमस्कार घातला जाणार होता, ते पेंढा भरलेलं कातडं होतं.

मग एकच गलका. अक्का गवळ्यावर कन्नडमधून अशा काही तुटून पडल्या की बिचारा दोन पावलं मागे सरला. पण तो काही गप्प बसला नाही. "करु सत्तु होय्तु, अम्मा," तो म्हणाला. वासरू मेलं. अक्कांनी पुढचं आम्हाला सांगितलं: जन्मल्यावर थोड्याच दिवसांत गेलं. तेव्हापासून हे पुढ्यात ठेवल्याशिवाय गाय पान्हा सोडत नाही. जिथे गाय नेतो तिथे हे नेतो. वासरासकट ये म्हणालात, आलो. दुसरं कुठून आणू? तो आमच्याइतकाच चिडला होता. त्याला आमचा आरडाओरडा कशासाठी ते कळत नव्हतं.

बायकांचे लगेच दोन तट पडले. एक म्हणे पूजा फुकट गेली, दुसरी म्हणे देव भावाचा भुकेला. अक्का म्हणाल्या, "झाली गं पूजा, सरी, झाली म्हणायचं. घरी चला." आई मात्र अजून खालीच बसलेली. तिचं कुणाकडे लक्ष नव्हतं. गाय तिच्या हाताला लागून त्या कपाळावरचं सगळ्या बायकांचं कुंकू चाटून काढत होती.

"अक्का, त्याला विचारा," आई म्हणाली. "हिला कळत नाही का?"

अक्कांनी विचारलं. गवळ्यानं खांदे उडवले. कुणास ठाऊक अम्मा, तो म्हणाला, चाटते तर खरी.

आई उठली. तिच्या ताटात वासरासाठी काढलेलं कुंकू, फूल, अक्षता, घास सगळं तसंच होतं. ते ताट तसंच धरून ती घराकडे चालू लागली.

बाबा मेणबत्तीच्या उजेडात खुर्चीत बसले होते. समोर टेबलावर सुतळी बांधलेला खोका. मी दारातूनच ओरडले, "बाबा, वासरू पेंढ्याचं होतं! मेलेलं! नुसतं कातडं!" आणि सगळं सांगून टाकलं. मला वाटलं, आता बाबा हसणार. सकाळपासून त्यांना जे बोलायचं होतं ते बोलायची याहून चांगली संधी कुठे मिळणार होती? मी तर मनात त्यांचं वाक्यही तयार केलं होतं. पण बाबा हसले नाहीत. ते आईच्या चिखलानं भरलेल्या साडीकडे बघत राहिले.

आईनं ताट खाली ठेवलं. पाट मांडला. मग टेबलापाशी गेली आणि खोक्याची सुतळी सोडायला लागली. गाठ सुटेना तेव्हा तिनं ती दातांनी सोडवली. खोक्यातून पिशवी, पिशवीतून पर्स. ती तिनं पाटावर ठेवली, समोर मांडी घालून बसली आणि निरांजन पेटवलं.

"काय करतेस?" बाबा म्हणाले.

आईनं बोट हळदीत बुडवलं.

"अगं, थांब! डाग पडेल. दुकानातल्या बाईनं बजावून सांगितलंय, पाण्याचा थेंबसुद्धा लागू द्यायचा नाही..."

आईनं पर्सच्या पल्ल्यावर, बरोब्बर मधोमध, हळद लावली, वर कुंकू लावलं. ओल्या बोटानं, चांगलं दाबून. अक्षता टाकल्या. फूल ठेवलं. मग तिनं ओवाळायला सुरुवात केली आणि मला माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. सकाळी जिच्या नुसत्या स्पर्शानं ही बाई गार पाण्यानं न्हाली होती, तिलाच आता ती ओवाळत होती. कुंकू त्या मधाळ रंगात हळूहळू पसरत होतं. फ्रान्समधल्या कुणा कारागिरानं घासून घासून आणलेली ती चकाकी आमच्या डोळ्यांदेखत गेली. मला वाटलं, आईचं उपासानं डोकं फिरलं.

"वेडी आहेस का तू?" बाबांचा आवाज चढला. मी त्यांना एवढ्या मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "नको असेल तर नको. पण नासतेस कशाला?"

आईनं निरांजन खाली ठेवलं. तळहातानं पर्सच्या पाठीवरून, कुंकू टाळून, हात फिरवला. सकाळी फिरवला होता तसा नाही. मला ताप आला की माझ्या पाठीवरून फिरवायची तसा.

"त्या पेंढ्याच्या वासराला चाटायला त्याची आई होती," ती म्हणाली. "ह्याला कोण आहे?"

बाबा उभे होते ते खाली बसले. खुर्चीवर नाही, फरशीवर, पाटाच्या दुसऱ्या बाजूला. मी तोंडावर ओढणी घट्ट धरून उभी होते.

"पुण्याला नको पाठवायला," आई म्हणाली. "राहू दे माझ्याकडे. आणलंत तर आणलंत."

बाबांनी मान हलवली. मग, लग्नाला वीस वर्षं होत आलेल्या त्या माणसानं बायकोकडे बघून विचारलं, "आणखी काय काय पाळतेस तू?"

आईनं पर्स उचलून खांद्याला लावली आणि भाकऱ्या थापायला उठली. "आधी चार घास खाऊन घ्या," ती म्हणाली. "सांगायला वेळ लागेल."